दूध हवं, गोठा नको

आपल्याकडे डीजे हा माणूस नसतो, वस्तू असते. ती भाड्याने आणतात, ट्रॉलीवर चढवतात, आणि मिरवणूक कोपऱ्यावर आली की चौथ्या मजल्यावरच्या तावदानांना आधी कळतं. 'यंदा डीजे कुठला?' या प्रश्नाला उत्तर म्हणून कुणाचं नाव येत नाही, 'चार बेस, चार टॉप' असं येतं. म्हणून एका जपानी डीजेवर लिहितोय म्हटल्यावर घरातूनच पहिला शेरा आला, "म्हणजे कानठळ्यांवर?" कानठळ्यांचा विषय पुढे येईलच. आधी माणूस.

केन इशी. जन्म 1970, साप्पोरोचा, वाढला टोकियोत. त्याच्या पिढीच्या कानावर इलेक्ट्रॉनिक आवाज पहिल्यांदा पडले ते व्हिडिओ गेमच्या खोक्यांतून आणि यलो मॅजिक ऑर्केस्ट्रा या जपानी इलेक्ट्रॉनिक बँडच्या रेकॉर्डांवरून. पुढे अमेरिकेतल्या डेट्रॉइटचं टेक्नो, म्हणजे यंत्रांवर रचलेलं ठोक्याचं नाचसंगीत, ऐकून पोरगा स्वतःच घरी यंत्रं जोडत बसला, आणि जे जमलं त्याची टेप त्याने बेल्जियममधल्या गेंट शहरातल्या आर अँड एस रेकॉर्ड्सकडे धाडली. 1993 मध्ये तिथून त्याची रेकॉर्ड निघाली तेव्हा त्याने जेमतेम विशी ओलांडली होती. 1995 च्या 'जेली टोन्स' या अल्बममधल्या 'एक्स्ट्रा'ची चित्रफीत कोजी मोरिमोतोने केली, म्हणजे 'अकिरा' या जपानी अॅनिमेशनपटावर काम केलेल्या अॅनिमेटरने. ती युरोपातल्या टीव्हीवर गाजली, आणि जपानी टेक्नोला पहिल्यांदा एक चेहरा मिळाला.

यापुढची यादी भरभर सांगतो. 1998 च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकच्या मुख्य सुरावटीची आंतरराष्ट्रीय आवृत्ती त्याची. 2001 साली तेत्सुया मिझुगुचीच्या 'रेझ' या व्हिडिओ गेममध्ये त्याची रचना. 2004 मध्ये इबिझा या स्पेनच्या बेटावर सर्वोत्तम टेक्नो डीजेचा पुरस्कार. 2005 च्या आइची जागतिक प्रदर्शनात सरकारी दालनाचं संगीत. शिवाय 'फ्लेअर' या दुसऱ्या नावाने काढलेलं, ज्यावर नाचणं जवळजवळ अशक्यच अशा तुटक आणि विचित्र आवाजांचं काम वेगळं. आपण अष्टपैलू हा शब्द क्रिकेटसाठी राखून ठेवलाय, पण इथे तो चपखल बसतो. तोच माणूस ऑलिंपिकला चालतो, गेमला चालतो, प्रदर्शनाला चालतो, आणि पहाटे तीन वाजता घामेजलेल्या तळघरातही चालतो.

आता त्या तळघराची गोष्ट. देशाने ज्याचं संगीत ऑलिंपिकला वापरलं, त्याचा हा मुख्य धंदा ज्या खोल्यांत चालतो, तिथे मध्यरात्रीनंतर लोकांना नाचू देणं त्याच देशाच्या कायद्याने गुन्हा होता. नागानोच्या वेळी होता, आइचीच्या वेळी होता आणि त्यानंतर आणखी दहा वर्षं होता.

या कायद्याला जपानीत थोडक्यात 'फुएइहो' म्हणतात. तो 1948 चा. युद्ध हरलेला देश, परकी फौज, भूक, आणि डान्स हॉलच्या आडून चालणारा वेश्याव्यवसाय. त्या काळच्या सरकारला नाचाची जागा म्हणजे देहविक्रीचं दार वाटलं, आणि तेव्हाची परिस्थिती पाहता तसं वाटण्यात फार चूकही नव्हती. म्हणून नाचाच्या जागांना परवाना आणि पोलिसांची नजर. पुढे 1984 च्या दुरुस्तीनंतर दुकान बंद करायची मध्यरात्रीची, काही भागांत एकची, वेळ घट्ट झाली. परवाना हवा असेल तर नाचाच्या खोलीला किमान 66 चौरस मीटर जागा लागायची. म्हणजे साधारण 710 चौरस फूट, आपल्याकडचा बऱ्यापैकी वन-बीएचके. टोकियो-ओसाकातल्या बऱ्याच गंमतीच्या जागा याहून लहान. मग मालकांनी काय केलं? जे कुठल्याही देशातले मालक करतात तेच. रेस्टॉरंट म्हणून नोंदणी केली, डीजे बसवला, आणि पोलीस डोळेझाक करतात तोवर सकाळी पाचपर्यंत दुकान चालू ठेवलं. पाचच का, तर टोकियोत शेवटची गाडी मध्यरात्रीच्या आसपास जाते आणि पहिली पाचच्या सुमाराला येते. त्या दोन गाड्यांच्या मधल्या पोकळीत जपानचं क्लब संगीत वाढलं. कायद्याने दुकान बंद व्हायची वेळ आणि शेवटच्या गाडीची वेळ जवळपास एकच, म्हणजे नियम पाळायचा तर क्लब भरायच्या आधीच रिकामा करायचा.

इथे एक गोष्ट समजून घ्यायला हवी, कारण पुढचं म्हणणं तिच्यावर उभं आहे. डीजेचं शिक्षण खोलीत बसून होत नाही. यंत्रं जुळवणं खोलीत होतं, ते इशीनेही तसंच केलं. पण कुठल्या रेकॉर्डनंतर कुठली, किती वेळ ताणायचं, खालचा ठोका कधी काढून घ्यायचा आणि परत कधी द्यायचा, हे फक्त समोरच्या पायांकडे बघून कळतं. आपल्याकडे बैठकीत गवई समेवर येताना समोरच्यांची मान बघतो, तसंच. मान हलवायला बंदी असलेल्या बैठकीत कुणी ख्याल मांडून दाखवावा! आणि इशीसारख्याचं ऑलिंपिकचं संगीत आणि तळघरातलं संगीत ही दोन वेगळी दुकानं नसतात. एकातली शिदोरी दुसऱ्यात जाते. सरकारला दूध हवं असतं, गोठा मात्र आळीत नको असतो.

यावर कुणी म्हणेल, कागदावरचा जुना कायदा आहे, कुणाला त्रास होत होता? बरीच वर्षं फारसा झाला नाही, हे खरंच. पण निजलेला कायदा हा सगळ्यात वाईट, कारण तो उठवायचा कधी हे पोलीस ठरवतात. जानेवारी 2010 मध्ये ओसाकाच्या अमेरिकामुरा भागात एका क्लबमधल्या मारामारीनंतर एक विद्यार्थी मेला. लोक खवळले, ते योग्यच. पण मारामारीसाठी फौजदारी कायदा असताना पोलिसांनी बाहेर काढला तो हा नाचाचा कायदा. एकामागून एक क्लबांवर धाडी पडल्या. बारमध्ये 'नाचू नये' अशा पाट्या लागल्या, आणि गाणं लागल्यावर कुणी जरा डोलायला लागलं की कामावरची मुलं येऊन खांद्यावर हात ठेवायची.

4 एप्रिल 2012. ओसाकाच्या नाकाझाकीचो भागात रेल्वेच्या उन्नत मार्गाखाली 'नून' नावाचा क्लब. डोक्यावरून गाड्या धडधडत जातात, म्हणजे आवाजाची तक्रार करायची तर आधी रेल्वेविरुद्ध करावी लागेल. रात्रीचे दहाही वाजले नव्हते, म्हणजे वेळेच्या नियमाचाही भंग नव्हता. आत जेमतेम वीसेक माणसं नाचत होती. पोलीस शिरले, आणि मालक मासातोशी कानेमित्सु यांना अटक झाली. आरोप: परवान्याशिवाय गिऱ्हाइकांना नाचू दिलं. त्याच महिन्यापासून, म्हणजे एप्रिल 2012 पासूनच, जपानच्या सरकारी अभ्यासक्रमात आपल्या सातवी-आठवीच्या वयाच्या मुलामुलींना शारीरिक शिक्षणात नाच सक्तीचा झाला. शिक्षण खातं म्हणतंय नाचलंच पाहिजे आणि ओसाकाचे पोलीस म्हणताहेत नाचू दिलंत तर आत टाकू. हा विनोद मला सुचला असता तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून कापला असता.

कानेमित्सुंनी दंड भरून विषय मिटवला नाही, ते लढले. खटल्यात पोलिसांना नाच म्हणजे नेमकं काय हे सांगावं लागलं. पावलं किती हलली, कंबर किती हलली. काळे कोट घातलेल्या गंभीर माणसांनी कंबरेच्या हालचालीवर उलटतपासणी घ्यायची म्हणजे काय प्रकार असेल याची कल्पना करा. 25 एप्रिल 2014 ला ओसाका जिल्हा न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. कायदा घटनाबाह्य आहे असं न्यायालय म्हणालं नाही. ते इतकंच म्हणालं की हा कायदा लैंगिक नीतीला धक्का लावणाऱ्या धंद्यांसाठी आहे, आणि त्या रात्री तिथे तसं काही चाललं नव्हतं. वरच्या न्यायालयांनीही पुढे तेच कायम ठेवलं. तोवर रिउइची साकामोतोंसारखे बडे संगीतकार पुढे होऊन दीड लाखाहून जास्त सह्यांचं निवेदन संसदेत पोचलं होतं. जून 2015 मध्ये कायदा बदलला आणि जून 2016 पासून नवा लागू झाला.

ओसाका हे नाव लक्षात ठेवा, कारण सगळ्यात कडवट गंमत त्या शहरात आहे. जगभरचे डीजे ज्यावर रेकॉर्ड फिरवत आले ते टेक्निक्सचं एसएल-1200 हे टर्नटेबल बनवलं ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीने, 1972 साली. कधी जवळून बघायला मिळालं तर त्याच्या तबकडीची कड बघा. कडेला बारीक ठिपक्यांच्या ओळी असतात आणि बाजूच्या छोट्या दिव्याचा लाल उजेड त्यांच्यावर पडतो. वेग अचूक असला की एका ओळीतले ठिपके फिरायचे थांबतात, जागच्या जागी उभे दिसतात, आणि तबकडी तर फिरतच असते. मोटर पट्ट्याने न जोडता थेट तबकडीखाली, त्यामुळे बोटाने अडवून सोडली तरी क्षणात वेगात येते. ती मुळात घरी बसून सिंफनी ऐकणाऱ्या माणसासाठी केली होती. नाचवणाऱ्यांनी ती पळवली. तसंच रोलंडचं. इकुतारो काकेहाशींची ही कंपनीही तेव्हा ओसाकाचीच. तिचं टीआर-808 हे तालयंत्र 1980 चं, आणि पाठोपाठ आलेलं टीबी-303 हे एकट्या गिटारवाल्याला साथीला बेस मिळावा म्हणून केलेलं. दोन्ही बाजारात पडली, मोडीच्या भावात गेली, आणि शिकागो-डेट्रॉइटच्या पोरांनी त्यांतून हाउस आणि टेक्नो हे नाचसंगीताचे दोन प्रकार काढले. ते टेक्नो ऐकून साप्पोरोत जन्मलेला केन इशी डीजे झाला. साऱ्या जगाला नाचायची हत्यारं विकणाऱ्या गावात, नाचाची सगळ्यात कडक धरपकड. टेक्निक्सने त्या टर्नटेबलचं उत्पादन 2010 मध्ये थांबवलं, म्हणजे धाडी सुरू झाल्या त्याच वर्षी, आणि परत सुरू केलं 2016 मध्ये, कायदा मोकळा झाला त्याच वर्षी. यात कार्यकारणभाव काही नाही, निव्वळ योगायोग. पण सांगितल्याशिवाय राहवलं नाही.

त्या 303 ने आपलंही दार ठोठावलं होतं. मुंबईच्या सिनेसंगीतात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी 1982 मध्ये 303, 808 आणि एक सिंथेसायझर घेऊन दहा रागांची डिस्को ठेक्यावरची रेकॉर्ड केली. शिकागोच्या पोरांच्या काही वर्षं आधी! ती खपली नाही. 2010 मध्ये एका डच माणसाने ती परत काढली तेव्हा युरोप चाट पडला आणि म्हाताऱ्या चरणजितजींना तिकडे वाजवायला बोलावणी आली. इशीला पहिली रेकॉर्ड बेल्जियमने दिली, चरणजितजींना दुसरी संधी हॉलंडने. घरचं पीक बाहेरच्यांनी पाखडून दिल्यावर आपण पसा पुढे करतो.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. टोकियोतल्या शिबुयाच्या गल्लीत पहाटे पाचला क्लब सुटला की रस्त्यावर बाटल्या, ओकाऱ्या, आरडाओरडा. वर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याची झोप ही काही संस्कृतीच्या नावाने द्यायची देणगी नव्हे. झीब्रा या जपानी रॅपरने क्लबवाल्यांना जमवून रस्ते झाडायची मोहीम काढली, आणि मला ती सह्यांच्या निवेदनाइतकीच महत्त्वाची वाटते, कारण शेजारी हा पक्ष आहे हे तिने मान्य केलं. आपल्याकडे मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतींबद्दल बोलताना माझं मत जुनंच आहे: रहिवासी भागात रात्री 45 डेसिबलची मर्यादा असेल तर ती गणपतीलाही आहे आणि लग्नालाही. पण मुद्दा तोच आहे. तिथे मोजायचा असतो तो आवाज. मारामारी असेल तर मारामारी मोजा, अंमली पदार्थ असतील तर ते पकडा, अल्पवयीनांना दारू दिली तर दुकान बंद करा. यांतल्या प्रत्येकासाठी वेगळा कायदा जपानमध्येही होता आणि आपल्याकडेही आहे. मग नाचावर स्वतंत्र कलम कशासाठी? ते लागतं तेव्हाच, जेव्हा तक्रार आवाजाची नसते, तक्रार नाचणाऱ्याची असते.

हे वाक्य लिहिताना माझ्या डोळ्यांसमोर टोकियो नव्हतं. 2005 मध्ये महाराष्ट्राने डान्स बारवर बंदी घातली, आणि त्याच दुरुस्तीत तारांकित हॉटेलं आणि जिमखान्यांना मोकळीक ठेवली. तोच नाच महागड्या झुंबराखाली झाला तर नीतीला धक्का लागत नाही, असा त्याचा अर्थ. सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये नेमकं यावरच बोट ठेवून ती बंदी उडवली. विधिमंडळाने पुन्हा कायदा केला, 2019 मध्ये न्यायालयाने पुन्हा बऱ्याच अटी कापल्या. जपानचे 66 चौरस मीटर आणि आपले तारे, दोन्हीकडे मापटं एकच: मोठ्याचा नाच ती कला, लहानाचा तो गुन्हा. फरकही सांगायला हवा. जपानमध्ये पोटावर पाय आला तो बहुतेक क्लबमालकांच्या आणि डीजेंच्या, आपल्याकडे हजारो बायकांच्या. त्यांची जात, त्यांची गरिबी, त्यांना कुणी तिथे आणलं, हे प्रश्न इशीच्या गोष्टीत नाहीत, आणि दोन्ही एकाच मापाने तोलणं लबाडीचं होईल. तरी सरकारची सवय एकच. बाळासाहेब खेरांच्या काळात तमाशावर बंदी आली, मग सुधारणेसाठी समिती बसली, आणि आज लावणीशिवाय सरकारी महोत्सव पुरा होत नाही. फडावरच्या बाईला भाकरी मिळते का, हे महोत्सवाच्या पत्रिकेत छापत नाहीत.

आणखी एक युक्तिवाद मी हुशार माणसांकडून ऐकलाय. बंदी होती म्हणूनच जपानचं भूमिगत संगीत इतकं कसदार झालं, दडपल्याशिवाय कलेला धार येत नाही वगैरे. हा युक्तिवाद करणारा स्वतः कधी दडपला गेलेला नसतो. इशीची पहिली रेकॉर्ड निघाली ती बंदीमुळे नव्हे, गेंटमधल्या कुणीतरी टेप ऐकली म्हणून. आणि 2010 नंतर ओसाकात जे क्लब बंद पडले, त्यांत वाजवायला शिकणारी वीस-बावीस वर्षांची मुलं होती. त्यांच्यातला पुढचा इशी कोण होता ते कधीच कळणार नाही. बंदीच्या गुणगानात हा खर्च मांडतच नाहीत.

जपानमधला बदल झाला तो निव्वळ शहाणपणाने, असंही नाही. 2013 मध्ये टोकियोला 2020 चं ऑलिंपिक मिळालं आणि परदेशी पाहुणे रात्री बारानंतर करणार काय, हा प्रश्न मंत्रालयाला पडला. त्याच वर्षी 'कूल जपान' नावाचा निधीही उभा राहिला, देशाची गंमत परदेशात विकायला. पुन्हा ऑलिंपिक, पुन्हा विक्री. नव्या कायद्यात रात्रभर नाचायची मुभा आली, पण अटींसह: खोलीत उजेड 10 लक्सपेक्षा जास्त हवा, म्हणजे थिएटरात मध्यंतराला असतो साधारण तेवढा, आणि जागा ठरावीक व्यापारी भागातच हवी. मोठ्या क्लबांनी वकील नेमले, उजेड मोजला, परवाने घेतले. निवासी गल्लीतल्या, पंधरा माणसांनी भरणाऱ्या बारला यातलं काहीच मिळालं नाही. तो कालही करड्या भागात होता, आजही आहे. माझा खरा राग तिथे आहे. मोठा क्लब नाव झालेल्या माणसाला बोलावतो; नाव व्हायच्या आधी तो कुठे वाजवतो, तर त्या पंधरा माणसांच्या बारमध्ये, मंगळवारी, फुकट, स्वतःच्या पिशवीतल्या रेकॉर्ड घेऊन.

28 डिसेंबर 2017 ची मध्यरात्र उलटल्यावर मुंबईत कमला मिल्सच्या गच्चीवर आग लागून 14 जण गेले. त्यांना नाचाने मारलं नाही. मारलं पेटणाऱ्या छपराने आणि बाहेर पडायच्या अडलेल्या वाटेने. परवाना देणाऱ्याने त्या रात्रीआधी काय मोजायला हवं होतं ते सगळ्यांना माहीत आहे: दारं किती, ती बाहेरच्या बाजूला उघडतात का, छताला काय वापरलंय. ओसाकाच्या त्या रेल्वेखालच्या क्लबमध्येही पोलिसांनी हे मोजलं असतं तर माझी काही तक्रार नव्हती. ते आले आणि वीस माणसांच्या कंबरा मोजून गेले.